रिकामं परत द्यायचं न्हाय

गुरुपाद मास्तरांच्या घरच्या संगणकाला बाहेरची राखण लागते का नाही, या एका प्रश्नावर आमच्या गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरून झाली नसतील. बाहेरची राखण म्हणजे व्हायरस मारणारं, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं सॉफ्टवेअर. मी म्हणायचो, लागते. मास्तर म्हणायचे, "पुरावा?" हा वाद सहा-सात वर्षं चालला आणि शेवटी मी जिंकलो. मी जिंकलो तिथंच सगळं वाटोळं झालं.

मला गल्लीत कोणी खरं बोलणारा समजत नाही, हे आधीच सांगून टाकतो. रंकाळ्यात मी एकदा मासा धरला होता. तो दर सांगण्याला वीतभर वाढत गेला आणि आता त्याला घरी आणायला बैलगाडी लागते. मास्तरांच्या संगणकाचं काय झालं, याच्याही मी चार-पाच गोष्टी फिरवल्या आहेत. एकीत वीज पडली, एकीत उंदरानं वायर खाल्ली. आज सांगतोय ती कुठंच सांगितलेली नाही. तरी सवय जात नाही. कुठं हात सैल सुटला तर सांभाळून घ्या.

मास्तर मूळचे गडहिंग्लजकडचे. कोल्हापुरात एका शाळेत शास्त्र शिकवायचे. सहा फूट उंची, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि आवाज असा की ते वर्गात "बसा" म्हणाले की पलीकडच्या शाळेतली मुलंही बसायची. निवृत्त झाल्यावरसुद्धा शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते दहापैकी मार्क द्यायचे. चहाला, उकाड्याला, लग्नातल्या मसालेभाताला, मयताला जमलेल्या गर्दीला. सातच्या वर त्यांनी कोणाला दिल्याचं मी ऐकलं नाही. "आठ दिलं की माणूस अभ्यास सोडतंय," म्हणायचे. मी तीन महिन्यांच्या एका कोर्सच्या जोरावर गल्लीचा संगणकतज्ज्ञ होऊन बसलो होतो, तेव्हा मला दारात थांबवून म्हणाले, "दिलप्या, तुला चार. ज्ञानाला एक, आवाजाला तीन."

त्यांनी संगणक घेतला तो निवृत्तीच्या वर्षी, नव्वदीचं दशक सरता सरता. ते पहिलं यंत्र चालू व्हायला इतका वेळ लावायचं की बटण दाबून मी एस.टी.नं गडहिंग्लजला गेलो, मावशीकडं जेवलो, दुपारची झोप काढून परत आलो, तरी पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ उलटंपालटं होतच होतं. मास्तरांनी मात्र त्यालाही सहा मार्क दिले. "सावकाश हाय, पर चुकत न्हाय."

आणि गिरिजाक्का. मास्तरांच्या बायको. माहेर सीमेपलीकडं. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. गल्लीतल्या बायकांनी शिकवलं, त्यामुळं त्यांच्या मराठीत शिव्या आधी आल्या आणि व्याकरण मागून. त्यांनी तिखट कांडायला घेतलं की हातकणंगल्याच्या स्टेशनावर उभी असलेली माणसं शिंकायची. मूलबाळ नव्हतं. गल्ली होती.

अक्कांचा एक नियम होता आणि तो मास्तरांच्या सगळ्या शास्त्रापेक्षा कडक होता. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं न्हाय. शकुताईंकडून विरजणाची वाटी आली की जाताना तिच्यात शेंगदाण्याची चटणी जायची, नाहीतर कोणी आजऱ्याहून आणलेल्या काजूंचे चार तुकडे. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. पण रिकामी नाही. हा नियम महाराष्ट्रात घरोघरी आहे, तुम्ही म्हणाल. आहे. पण तो फ्लॉपीला कोणी लावलाय का?

मी एकदा मास्तरांसाठी फ्लॉपीवर मराठी टायपिंगचा फाँट घेऊन गेलो होतो. त्यांनी तो उतरवून घेतला आणि फ्लॉपी मला परत दिली. स्वयंपाकघराच्या दारातून अक्का बघत होत्या.

"त्यात काय घातलासा?"

"कशात?"

"त्येच्या डबीत."

"अगं, डबी न्हाय ती. फ्लॉपी हाय."

"तिच्यातनं काय तर आलं न्हवं आपल्या घरात?"

"आलं."

"मग रिकामी देतासा? गल्लीत तोंड कसं दाखवायचं मी?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मग हा एवढा मोठा माणूस खाली बसला आणि माऊस दोन बोटांत विंचवासारखा धरून त्यानं पडद्यावर एक जास्वंदीचं फूल काढलं. ते फ्लॉपीत घातलं. अक्कांनी मान हलवली. तेव्हापासून त्या घरातून एक फ्लॉपी रिकामी गेली नाही, आणि पुढं पेनड्राइव्ह आले तर तेही. अख्ख्या गल्लीत जास्वंदी फुलल्या.

जास्वंदीच्या जागी अक्कांचा आवाज कसा आला तेही सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मास्तरांनी नवा संगणक घेतला, त्याला जोडायला माइक आणला. तपासायला म्हणून स्वतः तीन वेळा "एक, दोन, तीन" म्हणाले आणि स्वतःला पाच मार्क दिले. मग माइक अक्कांपुढं धरला.

"कुणासंगं बोलू?"

"कुणासंगं न्हाय. नुसतं बोल."

"नुसतं कसं बोलू? येडी हाय काय मी?"

"बरं, समज की म्होरं एक बाई बसलीया."

झालं. अक्का चाळीस मिनिटं थांबल्या नाहीत. कटाची आमटी कशी करायची ते सांगितलं, त्यातून शकुताईंच्या आमटीत काय चुकतं ते सांगितलं, त्यातून शकुताईंच्या जाऊबाईंवर गेल्या. पण एक होतं. समोरच्या बाईला बोलायला दिल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नव्हतं. मध्येच विचारायच्या, "मग? तुझ्याकडं कसं करत्यात?" आणि थांबायच्या. पाच-सहा श्वास. मग "व्हय, व्हय" म्हणून पुढं. मास्तर म्हणाले, या मोकळ्या जागा कापून टाकतो. अक्का भडकल्या. "तिनं बोलायचं न्हाय काय मग? आपलंच तोंड चालवायचं?"

मोकळ्या जागा तशाच राहिल्या. मास्तरांनी अशी साठएक बोलणी भरून ठेवली. (मी गल्लीत तीनशे सांगतो.) 'गिरिजा' नावाच्या एका फोल्डरमध्ये ती सगळी. आता कोणाचाही पेनड्राइव्ह परत जाताना त्यात अक्का जायच्या. कोणाकडं शेंगाची पोळी गेली, कोणाकडं अक्कांच्या सासूबाई गेल्या. शकुताईंकडं चुकून त्यांच्याच आमटीची बोलणी गेली, आणि त्या पेनड्राइव्ह हातात नाचवत दारात आल्या. "माझ्याच डबीत माझीच चुगली? आन ती बी मीठ कमी घालून?" त्या भांडणाला मास्तरांनी साडेसहा दिले.

मग अक्का विसरायला लागल्या.

आधी भांडी चुकायला लागली. एकीचं पातेलं दुसरीकडं, तिसरीचा डबा चौथीकडं. आम्ही हसायचो. मग एक दिवस शकुताईंची वाटी परत आली. अक्का स्वतः घेऊन आल्या होत्या, हसऱ्या तोंडानं. शकुताईंनी झाकण काढलं. वाटी रिकामी होती. धुतलेली, पुसलेली, रिकामी. शकुताईंनी "बरं झालं आणलीस" म्हणून ती घेतली, आत गेल्या, आणि चुलीपुढं बसून रडल्या. डॉक्टरांनी सांगायच्या आधी गल्लीला कळलं ते त्या वाटीनं.

वर्षभरात अक्कांचं बोलणं विरत गेलं, मग माणसं विरली, मग भूक. ताट पुढं ठेवलं की बघत बसायच्या. मास्तर घास करून तोंडाशी न्यायचे तर त्या परक्या माणसासमोर आवळावं तसं तोंड आवळून घ्यायच्या. एकदा दुपारी चारच्या सुमाराला मास्तर एकटेच एक जुनी बोलणी ऐकत बसले होते. अक्का उठून आल्या, पडद्यासमोर खुर्चीत बसल्या. आवाजानं विचारलं, "मग? तुझ्याकडं कसं करत्यात?" आणि थांबला.

अक्का म्हणाल्या, "मी बी तसंच करतीया की गं."

मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला खडू मोडला होता. स्वतःचा आवाज अक्कांना ओळखू आला नव्हता. त्यांना वाटलं, कोणी बाई आलीय. "गुणाची हाय हो. इचारून इचारून बोलती," असंही म्हणाल्या. त्या दिवशी तिच्याशी बोलता बोलता एक भाकरी खाल्ली. मग रोज चारला ती बाई यायची. अक्का केस विंचरून बसायच्या. दिवसातलं काय ते जेवण तेवढंच व्हायचं.

म्हणजे आता त्या संगणकात काय होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल. हिशेब नव्हते, फोटो नव्हते. एका बाईचं जेवण होतं.

म्हणूनच मी मागं लागलो. मास्तर, राखण बसवा. शेवटी त्यांना स्टेशनजवळच्या एका सीडीच्या दुकानात घेऊन गेलो. मास्तरांनी दुकानदाराला तोंडी परीक्षेला उभं केलं.

"हा तुमचा रखवालदार चोर वळखतो कसा?"

"यादी असते सर. सगळ्या चोरांची."

"कधीची यादी?"

"गेल्या वर्षीची. नवीन इंटरनेटवरनं येते."

"माझ्याकडं इंटरनेट न्हाय."

"मग... गेल्या वर्षीची."

"म्हंजे औंदाचा चोर मोकळा. आन हा रखवालदार माझ्याच घरात, माझीच भाकरी खाणार, माझंच यंत्र मंद करून ठेवणार. तीन मार्क." आणि बाहेर पडले.

रस्त्यानं मला समजावत होते. "माझ्या संगणकाला बाहेर जाणारी वायर न्हाय. दारच न्हाय तर रोग येणार कुठनं?"

"पेनड्राइव्ह येतात की गल्लीचे."

"ते दार मला लावता येत न्हाय. ते तिचं हाय."

"मग निदान सीडीवर दुसरी प्रत काढून ठेवा."

मास्तर हसले. त्यांना हसताना मी तीनदा बघितलंय, त्यातलं हे एक. "प्रत कशाला रं? चाळीस घरांत तिचा आवाज देऊन ठेवलाय. माझं कोठार गल्लीभर हाय."

मला तेव्हा हे पटलं. आजही ऐकायला किती बरं वाटतं बघा.

रोग आला तो अर्थात पेनड्राइव्हवरून, त्या उघड्या दारातून. कोणाच्या, ते कळायला मार्ग नाही, माझ्याच असेल. मास्तरांचं यंत्र मंद झालं, खिडक्या आपोआप उघडायला लागल्या. तरी मास्तर डगमगले नसते. पण एक दिवस शकुताई आल्या. उंबऱ्याच्या आत आल्याच नाहीत.

"मास्तर, राग मानू नका. तुमच्याकडनं आलेल्या डबीतनं आमच्या कंप्युटरला रोग लागला. पाटलांच्या बी. आता डबी रिकामीच द्या. काय घालू नका."

मास्तर उभेच राहिले. मी तिथं होतो. चाळीस वर्षांत त्या घरातून कोणाच्या भांड्यात वाईट काही गेलं नव्हतं. शकुताई गेल्यावर मास्तर म्हणाले, "दिलप्या, ती सीडी आण." पुरावा मागितला नाही.

मी फुकटातली एक आणली, मित्राकडून. रखवालदार यंत्रात शिरला आणि तासाभरात त्यानं तांबडी यादी काढली. एकशे बेचाळीस. मास्तर चष्मा सरकवून एकेक ओळ वाचायला लागले, पेपर तपासावेत तशी. मध्येच बोट थांबलं.

"ह्यात हिचं नाव कसं? हे बघ. 'गिरिजा' लिवलंय."

"रोग तिथंच बसलाय मास्तर. मारा."

"ते मारू का म्हणून इचारतंय. कोन कोन मरणार ते सांगत न्हाय."

"अहो, रोगाला पुरावा विचारत बसलं तर मयताला जायची पाळी येते!"

काय वाक्य टाकलं होतं मी. मला स्वतःलाच आवडलं. मास्तरांचं बोट बटणावर गेलं. मग त्यांनी हात काढून घेतला.

"तू दाब."

मी दाबलं.

यादी साफ झाली. 'गिरिजा' फोल्डर होतं तिथं पांढरी जागा. मास्तरांनी खाली बघितलं, वर बघितलं, पडद्याच्या कडेला बोटानं चाचपलं. "कुठं गेली?" मला काहीच कळत नव्हतं. कळत नाही, एवढे दोन शब्द मला त्या दिवशी बोलता आले असते तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. मी म्हणालो, "मुळं राहिलीत. यंत्र पुसून नवं करावं लागतंय. मग सगळं परत येतंय." परत कुठून येणार होतं, देव जाणे. मी फॉरमॅट मारला. अख्खी डिस्क धुऊन पुसून शकुताईंच्या वाटीसारखी केली.

चार वाजता अक्का केस विंचरून आल्या. खुर्चीत बसल्या. पाच वाजले. साडेपाच वाजले. ताट पुढं तसंच.

"आज आली न्हाय व्हय ती?"

"येईल उद्या," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तर गल्लीत फिरले. एका हातात पिशवी, पिशवीत गुळाच्या ढेपेचे खडे. मागायला जातानाही रिकाम्या हातानं जाववत नव्हतं. प्रत्येक दारात गुळाचा खडा द्यायचे आणि विचारायचे, "आमच्या घरनं आलेलं काय शिल्लक हाय का?" ज्या माणसासमोर मोठमोठी माणसं अजून उभी राहायची, तो चाळीस उंबऱ्यांवर उभा राहिला. कोणाच्या पेनड्राइव्हवर सिनेमातली गाणी होती, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो. जागा पाहिजे म्हणून सगळ्यांनी अक्का पुसून टाकल्या होत्या. शकुताईंनी तीन डब्या उलट्या करून बघितल्या. पाटीलवहिनी म्हणाल्या, "हुता हो मास्तर, आवाज हुता. आम्ही ऐकला बी न्हवता." माझ्याकडं एक निळा पेनड्राइव्ह होता. माझ्याही घरच्या यंत्रावर तीच राखण होती. लावून बघितला, गाण्यांशिवाय काही दिसलं नाही. "माझ्यात नाही," म्हणालो. मास्तरांनी मलाही गूळ दिला.

त्यांनी नव्यानं आवाज भरायचा प्रयत्न केला. माइक अक्कांपुढं धरला. अक्कांनी तो खाण्याचा आहे का बघितलं. रेडिओ लावला, कन्नड भजनं लावली, शकुताईंना आणून समोर बसवलं. अक्का सगळ्यांच्या मागं बघायच्या, पडद्याकडं. "तिला काय तर लागलं असंल माझं. मी काय बोलले काय तिला?" दहा-बारा दिवस हे चाललं. अक्का चिपाडासारख्या झाल्या. मास्तरांच्या शर्टाची इस्त्री गेली. मी त्यांच्या दारावरून जायचं टाळायला लागलो. भाजी आणायला पलीकडच्या गल्लीला वळसा घालून जायचो, आणि कोणी विचारलं तर सांगायचो, वीज पडली.

मग एकाएकी गल्लीत बातमी आली, अक्का जेवतायत. त्या घरातून चारला बाईचा आवाज येतोय. कोणी म्हणालं पाहुणी आलीय. मी लगेच सांगून टाकलं, धारवाडची मावसबहीण. तिच्या पाटल्यांचं वजनसुद्धा सांगितलं. जीव भांड्यात पडला होता माझा. म्हटलं, सुटलो.

पुढं सहा-सात महिन्यांनी मी गडहिंग्लजला मावशीकडं गेलतो. एक कागद छापून घ्यायला बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात निळा पेनड्राइव्ह दिला. दुकानातल्या बाई यंत्राकडं बघत म्हणाल्या, "पावणं, ह्यात लपलेलं पण हाय की बरंच. 'गिरिजा' कोण?"

"काय?"

"असा एक रोग हाय बघा. खरं फोल्डर लपवतोय, आन त्येच नाव लावून, त्येच रूप घेऊन सोंग पुढं बसवतोय. राखणवाला सोंगाला मारतोय. लोकास्नी वाटतंय सगळं गेलं. खरं आत तसंच असतंय. 'लपलेलं दाखव' म्हणून इथं टिक करायची, झालं."

एक टिक. मी त्या दुकानातल्या बाकावर बसलो. त्या बाईंनी पाणी दिलं. इथं मी काहीही वाढवून सांगत नाही. मास्तरांच्या यंत्रात साठच्या साठ बोलणी जिथल्या तिथं होती, मी ती पुसली त्या क्षणापर्यंत. 'गिरिजा' नावाच्या त्या तांबड्या ओळीवर मास्तरांचं बोट थांबलं होतं. त्यांनी विचारलं होतं.

माझ्या पेनड्राइव्हवर एकच बोलणी होती. कटाची आमटी. पहिलीच.

एस.टी. कोल्हापुरात आली तेव्हा चार वाजून गेले होते. मी घरी न जाता सरळ मास्तरांकडं गेलो. दार लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज येत होता, जरा चिरका, जरा घोगरा. मी दार ढकललं.

टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढलं होतं. पडदा बंद, काळा. समोर अक्का, मांडीवर ताट. आणि त्या मोठ्या डबड्यासारख्या मॉनिटरच्या मागं, शाळेतल्या एका बुटक्या स्टुलावर मास्तर बसले होते. गुडघे कानाला लागलेले. सहा फुटांचा माणूस तिथं लपत नव्हता. टक्कल वर दिसत होतं.

"मग गं?" टक्कल म्हणालं, बाईच्या आवाजात. "तुझ्याकडं कसं करत्यात?"

"तसंच की. पर तुझा आवाज लई बसलाय गं. आलं घालून काढा घे."

"घेते."

"घेते म्हणतीस आन घेत न्हाईस." आणि अक्कांनी घास घेतला.

मास्तरांना मी दिसलो. ते भिंतीला धरून उठले, बाहेर आले. मी सगळं सांगितलं. ती गेली नव्हती मास्तर, लपली होती, मी पुसली. एका दमात, आवाज न चढवता. आणि उभा राहिलो. म्हटलं, शून्य द्या. त्यांनी काहीच दिलं नाही. माझ्या हातातून पेनड्राइव्ह घेतला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि यंत्र चालू केलं.

"चालू हाय का बंद? ...हां. तर कट काढायचा असंल तर डाळ घोटायची न्हाय बघ..."

खणखणीत आवाज. मिरचीच्या वासासकट. मास्तरांनी डोळे मिटले. मी भिंतीकडं तोंड केलं. "मग? तुझ्याकडं कसं करत्यात?" आवाजानं विचारलं, आणि थांबला.

मोकळी जागा आली आणि गेली. अक्का गप्पच. दुसरी आली. अक्कांनी ताट बाजूला सारलं. कपाळाला आठ्या.

"ही कोन बया? लईच बोलती. माझी ती कुठं गेली?"

"जरा ऐकूया की गं," मास्तर म्हणाले. स्वतःच्या आवाजात. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "थोडंसंच."

"नको. घालवा हिला. माझी ती उपाशी बसली असंल."

मास्तर आणखी एक वाक्य थांबले, फार तर दोन. मग त्यांनी बटण दाबलं. पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात ठेवून माझी बोटं मिटली.

"मास्तर, तुमच्याकडं ठेवा की."

"इथं नको," ते म्हणाले. "इथं रोग येतोय, तू येतोस. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे तिला."

ते परत मागं गेले. गुडघे कडकडले. स्टूल सरकल्याचा आवाज झाला, टक्कल जागेवर आलं. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि पायरीवर तसाच राहिलो. आत मास्तरांनी घसा खाकरला.

"आले गं. जरा दारात पावणं आलतं."

"व्हय?" अक्कांनी विचारलं. "रिकामं न्हाय न्हवं धाडलंस?"

पाच-सहा श्वास.

"न्हाय गं," मास्तर म्हणाले. "रिकामं न्हाय."